निशाणातला जांभळा रंग

टाकवे बुद्रुकमधला बी.एस्सी. झालेला पहिला माणूस मी. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. केमिस्ट्री घेऊन, पुण्यात खानावळीचं जेवून, थर्ड क्लासात. क्लास कुठला ते मी कुणाला सांगत नसे. आणि एवढी विद्या घेऊन करत काय होतो? लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बसून करवंदांच्या पाट्यांवर, चिक्कीच्या डब्यांवर आणि साहेबलोकांच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांवर पत्ते लिहीत होतो.

माझी बायको लीला कुसगावची. लग्न होऊन वर्ष झालं तेव्हा ती एकदा मला म्हणाली, "अवं, कुत्र्याच्या पिंजऱ्याला चिठ्ठीच लावायची हुती तर सातवी पास झाल्यावर लावायची. मधली सात-आठ वर्सं कशाला घालवली?" मी तिला म्हणालो, तुला काय कळतंय. पण रात्री बराच वेळ झोप आली नाही.

तर अशा माणसाला १९४६ सालच्या फाल्गुनात गावाहून बोलावणं आलं.

आमच्या भैरवनाथाची जत्रा चैत्री पौर्णिमेला. देवाच्या काठीला दहा हात केशरी कापड बांधतात, त्याला निशाण म्हणतात, आणि ते रंगवायचा मान नसीरचाचाच्या घराचा. चाचा रंगारी. चार पिढ्या त्याच घरात तो मान. पळस फुलला की चाचा आणि जैतुनचाची रानात जाऊन फुलं वेचणार, सावलीत वाळवणार, कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून तुरटीच्या पाण्यातून काढणार, मग फुलांच्या काढ्यात बुडवणार. अट एकच, देवाला झाडाचा रंग चालतो, डब्यातला विलायती चालत नाही. जत्रेच्या सकाळी चाचा निशाणाची घडी डोक्यावर घेऊन पुढं चालणार आणि अख्खं गाव मागं. वर्षभर लोकांची लुगडी-पागोटी रंगवून हात पिवळे-निळे झालेला हा माणूस, त्या दिवशी पाटीलसुद्धा बाजूला होऊन त्याला वाट देत. चाचा वर्षभर त्या दिवसावर जगायचा.

त्या साली रखमाजीनं शंका काढली. काठी धरायचा मान रखमाजीचा, त्यामुळं निशाणाकडं त्याचं जरा जास्तच लक्ष. देवळात चार माणसं बसली असताना तो म्हणाला, "गेल्या सालचं निशाण दिवाळीपतुर फडकत हुतं. एवढा मावळचा पाऊस खाल्ला, तरी रंग जाईना. पळसाचा रंग एवढा टिकतोय व्हय? मला तर डब्याचा वास येतोय."

दत्तोबा पाटील विचारी माणूस. ते म्हणाले, "उगं कुणावर आळ नको. आपला गेणू हाय की शिकल्याला. त्यो बघंल आन् सांगंल."

आता तुम्हीच सांगा, चार वर्षं कुत्र्यांच्या पिंजऱ्यांना चिठ्ठ्या लावणाऱ्याला गावानं असं बोलावल्यावर तो काय म्हणेल? शहाणा असेल तर म्हणेल, मला जमणार नाही. मी म्हणालो, "आठ दिवस द्या."

चाचाकडं गेलो. त्या सालचं निशाण रंगून तयारच होतं, अंगणात दोरीवर वाळत होतं. मी जरा घसा खाकरून सांगितलं की परीक्षा करायची आहे, राग मानू नका. चाचा हसला. कात्री आणून स्वतःच्या हातानं निशाणाच्या कडेची बोटभर पट्टी कापून दिली. "घे बाळा. पुरंल का अजून देऊ?" म्हणाला. मी ती कागदात गुंडाळून, कामशेतपर्यंत तंगडतोड करून, संध्याकाळच्या गाडीनं लोणावळ्याला आलो. गाडीत मी कुणाशी बोललो नाही, कारण मी आता सरकारी तज्ज्ञासारखा बसलो होतो.

युक्ती कॉलेजात शिकलेली होती. रंग दिसायला एक असतो, पण त्यात दोन-तीन मिसळलेले असू शकतात, ते सुटे करायचे. आमचे प्रोफेसर टीपकागदाच्या पट्टीवर करून दाखवायचे. परदेशात कुणी काचेवर भुकटीचा पातळ थर देऊनही हेच करतात, असं त्यांनी एकदा जाता जाता सांगितलं होतं. लढाई नुकतीच संपलेली, चांगला टीपकागद औषधालाही मिळत नव्हता, म्हणून मी काच धरली. फोटोवाल्याकडून जुन्या काचा आणल्या, शाळेतला खडू कुटून वस्त्रगाळ केला आणि थर चिकटून राहावा म्हणून भाताच्या पेजेत कालवला. पहिल्या पाच काचांवर नुसते डोंगर-दऱ्या झाल्या. लीलानं सहावी काच माझ्या हातातून ओढून घेतली आणि जमीन सारवणाऱ्या हातानं एका फेऱ्यात असा पातळ, एकसारखा थर दिला की मी बघत राहिलो. वहीत मात्र मी लिहिलं, 'सहाव्या प्रयत्नात मला थर साधला.'

पुढचं काम सोपं. थर वाळला की काचेच्या खालच्या बाजूला बोटभर जागा सोडून आडवी रेघ मारायची. कापडाची पट्टी गरम स्पिरिटात भिजवून रंग सोडवायचा आणि त्याचा एक बारीक ठिपका रेघेवर द्यायचा. मग एका उंच बरणीच्या तळाला स्पिरिट ओतायचं, ठिपका बुडणार नाही एवढंच, आणि काच त्यात उभी करून झाकण लावायचं. स्पिरिट थरातून आपोआप वर चढायला लागतं आणि जाताना रंगांना बरोबर नेतं. पण सगळे रंग सारखे चालत नाहीत. खंडाळ्याचा घाट चढणारी माणसं बघा. एक प्रत्येक सावलीला टेकतो, दुसरा थांबायचं नाव घेत नाही. खालून निघताना बरोबर असतात, पण तासाभरानं बघाल तर एक कुठं, दुसरा कुठं. तसंच हे. ज्या रंगाला खडू धरून ठेवतो तो मागं राहतो, ज्याला स्पिरिट ओढतं तो पुढं जातो. काच बाहेर काढली की मिसळलेले रंग वेगवेगळ्या उंचीवर सुटे उभे.

रेघ मारायची ती पेन्सिलीनंच, शाईनं माराल तर शाईच वर चढेल, असं प्रोफेसरांनी तीन-तीनदा बजावलं होतं. माझं ते पाठ होतं बरं का. मी शाई वापरली नाही. कानावरची पेन्सिल काढली आणि झकास सरळ रेघ मारली.

स्पिरिट आणलं होतं फर्निचरला पॉलिश करणाऱ्या मकसूदकडून. घरभर वास सुटला. शेजारची बाई दारात येऊन लीलाला हळूच म्हणाली, "लीला, घेतात का गं?" लीला म्हणाली, "घेत न्हाईत, काचेला पाजतात." मी तिकडं दुर्लक्ष केलं. मी काचेकडं टक लावून बसलो होतो. स्पिरिट चढत होतं. पिवळा रंग निघाला, हळूहळू, रेंगाळत. आणि त्याच्या पुढं, भराभर, गडद, झगझगीत जांभळा!

मी जागेवरून उडालो. पळसाच्या फुलात जांभळं कुठून आलं? विलायती रंगच हा, दुसरं काय!

आता एक गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मला आजही कुणीतरी दोन मुस्काटात द्याव्यात असं वाटतं. पिवळा रंग निघाला तो ठिपक्यातून, ठिपक्याएवढाच. जांभळा निघाला तो काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, अख्ख्या रेघेतून. शेंबड्या पोरालाही कळलं असतं की हा ठिपक्यातला नव्हे. मला काय वाटलं? मला वाटलं, बापरे, भेसळ किती आहे बघा, ठिपक्यात मावेना!

रविवारी काच घेऊन गावी गेलो. देवळात सगळे जमले. मी काच वर धरून दहा मिनिटं बोललो. 'रासायनिक पृथक्करण' हा शब्द चार वेळा वापरला. रखमाजीनं मान डोलावली. दत्तोबा पाटलांनी काच हातात घेऊन उलटीसुलटी बघितली आणि चाचाला विचारलं, "नसीर, तुझं काय म्हननं?"

चाचा खांबाला टेकून उभा होता. त्यानं काचेकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मी डबा वापरला न्हाई," तो म्हणाला. "पर गेणू शिकल्याला हाय. त्याला दिसलं तर आसंल काय तरी."

एवढंच. भांडला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पंचांनी ठरवलं, औंदा निशाण पुण्याहून विकत आणायचं आणि चाचानं मिरवणुकीत पुढं चालायचं नाही. जैतुनचाची देवळाबाहेर उभी होती. ती माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावून निघून गेली. मला क्षणभर कसंतरी झालं. पण लगेच रखमाजीनं पाठीवर थाप मारली, "वाघ हैस गड्या!" आणि मी वाघ झालो.

वाघाला मग चैन पडेना. लोणावळ्यात येऊन मी जे दिसेल ते काचेवर चढवायला लागलो. बाजारातलं कुंकू चढवलं, जांभळं निघालं. बर्फीवरचा रंग चढवला, जांभळं निघालं. चहा, गूळ, तिखट, सगळ्यात जांभळं! मी चक्रावलो नाही, उलट फुशारलो. सगळं मावळ विलायती रंग खातंय आणि हे ओळखणारा एकटा मी. वर्तमानपत्राला लेख लिहायला घेतला. मथळा 'सावधान!' एवढा लिहून झाला होता.

जत्रा चार दिवसांवर आली आणि मी लीलाच्या हळदीला हात घातला. जांभळं.

"तुझ्या हळदीतसुद्धा भेसळ आहे," मी गंभीरपणे म्हणालो.

लीला पोळपाट सोडून उठली. "माज्या आईनं परसात लावल्याली, घरी उकडल्याली, सवताच्या हातानं कुटल्याली हळद! तिच्यात माजी आई विलायती रंग घालती व्हय? कुटनं आणती, लंडनवरनं?"

"काच खोटं बोलत नाही."

"मग त्या काचेवर कायबी घालू नका. नुसती रेघ मारा आन् उभी करा. बघू काय निघतंय."

तिचं तोंड बंद करावं म्हणून मी केलं. कोरी काच, नुसती रेघ, ठिपका नाही. बरणीत उभी केली. आम्ही दोघं बसलो. स्पिरिट रेघेपर्यंत आलं, आणि काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जांभळं निशाण वर चढायला लागलं.

लीलानं माझ्या कानावरची पेन्सिल काढली, टोक ओलं करून माझ्या तळहातावर रेघ मारली आणि हात माझ्या डोळ्यांपुढं धरला.

रेल्वेची कॉपिंग पेन्सिल होती ती. कोरडी असताना साध्या शिसपेन्सिलीसारखी काळपट उठते, पण ओली झाली की जांभळी, आणि मग पुसता पुसत नाही. पार्सलावरचा पत्ता कुणी खोडू नये म्हणून सरकार ती देतं. चार वर्षं तिचं टोक जिभेला लावून मी पत्ते लिहीत होतो. माझी जीभ जांभळी आहे हे अख्ख्या लोणावळ्याला माहीत होतं, कुत्र्यांनाही असेल. फक्त केमिस्ट्रीच्या पदवीधराला ठाऊक नव्हतं.

तुम्हाला वाटेल, मी लगेच उठून टाकव्याला पळालो असेन. छे! मी तीन दिवस सुटका शोधत बसलो. साध्या शिसपेन्सिलीनं पुन्हा केलं, चाचाच्या पट्टीतून पिवळ्याशिवाय काही निघालं नाही. मग मनाशी वाक्यं जुळवली. 'साधनसामग्रीत किंचित दोष आढळला.' 'निष्कर्ष पुनर्विचाराधीन आहे.' एकदा तर असंही वाटलं की गप्प बसावं, पुढच्या साली पुन्हा परीक्षा करून रंग शुद्ध आहे म्हणावं, कुणाला काय कळतंय. हे मी लीलाला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "बोला की तसं. पर मग म्हाताऱ्या चाचाच्या पुढ्यात बसून जेवा, घास उतरतो का बगा."

जत्रेच्या सकाळी पहिल्या गाडीनं निघालो. देवळापुढं पुण्याचं कापड काठीजवळ ठेवलेलं होतं. पाटील, रखमाजी आणि दोघं पंच असे चौघं उभे होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, "पाटील, त्या प्रयोगात साधनांचा थोडा दोष राहिला होता."

"म्हंजी काय? रंग चुकला का तू चुकलास?"

"म्हणजे, पेन्सिल..."

"गेन्या, मी इच्यारतोय काय?"

"मी चुकलो. चाचाच्या रंगात काही नाही."

दत्तोबा पाटील माझ्याकडं इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं आता हात उचलतील. रखमाजी जमिनीकडं बघत होता. मग पाटील म्हणाले, "चल म्होरं. नसीरच्या घरी."

चाचा अंगणात चुलीपुढं बसला होता. चुलीवर रंगाचं मोठं पातेलं उकळत होतं. मी पाय धरायला वाकलो आणि पातेल्यात नजर गेली. राखेचं पाणी होतं आणि त्यात निशाण. केशरी नव्हे, पार उडालेलं, ताकासारखं पांढुरकं, कुठं कुठं पिवळी झाक राहिलेली.

"चाचा, हे काय केलंत?"

"जांभळं हुडकतोय," चाचा म्हणाला. "तू म्हणलास रंगात हाय, मग मला दिसाय पायजे का नको? पाच येळा उकाळलं. पयलं राखंत, मग रिठ्यात, परत राखंत. नुसतं पिवळंच निघतंय बाळा. म्हणलं, तळाला कुटं आसंल."

जैतुनचाची आतून बाहेर आली आणि तिचा बांध फुटला. "अरं गेणू, पंधरा दिस म्हातारा जेवला न्हाई नीट! मी म्हणती, तुमी घातलं न्हाई तर निघंल कुटनं? तर म्हणतो, हात थकलं, नजर थकली, आपल्याकडनंच काय तरी पडलं आसंल, पोरगं शिकल्यालं हाय, त्ये कशाला खोटं बोलंल!"

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, पाटलांसमोर, रखमाजीसमोर, चुलीपुढं बसून मी रडलो. रडत रडतच पेन्सिलीचं सगळं सांगितलं, जीभ बाहेर काढून दाखवली. चाचानं शांतपणे ऐकलं. जीभ बघून त्याला हसू आलं. मग त्यानं काठीनं निशाण वर उचललं, पाणी निथळू दिलं आणि विचारलं, "मग ह्याच्यात कायबी नव्हतं?"

"नव्हतं, चाचा. फुलं होती फक्त."

"बरं," चाचा म्हणाला आणि त्यानं कापड पातेल्याच्या काठावर ठेवलं.

फुलांचा हंगाम सरला होता, परत रंगवायला आठ दिवस लागले असते आणि मिरवणूक तासाभरावर होती. रखमाजी पुढं झाला. ओलं कापड त्यानं स्वतः पिळलं. "ह्येच चढवू पाटील," तो म्हणाला. "माझ्या काठीला त्यो पुण्याचा डबा नको."

पाटील म्हणाले, "ह्येच."

तर तसं निघालं त्या सालचं निशाण. डोक्यावर ती पांढुरकी, ओली घडी घेऊन चाचा पुढं, रखमाजीच्या खांद्यावर काठी, मागं गाव, आणि चाचाच्या डाव्या अंगाला मी, मान खाली घालून. देवळापाशी आजूबाजूच्या गावांची माणसं दाटीवाटीनं उभी होती. काठी उभी राहिली, कापड वाऱ्यावर उलगडलं आणि कुजबुज सुरू झाली. उर्स्याकडचा एक पाहुणा मोठ्यानं म्हणाला, "का वं रंगारी, औंदा निशाण आसं फिकं? हात आखडला व्हय?"

चाचानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "फुलं कमी पडली पाव्हनं," तो म्हणाला. "म्हाताऱ्याची चूक झाली."

त्या साली पळस असा फुलला होता की डोंगर पेटल्यासारखे दिसत होते. चार पिढ्यांचा मान ज्यानं खोट्या रंगाला हात न लावता राखला, तो माणूस माझ्यासाठी भर जत्रेत, देवासमोर खोटं बोलत होता.

"खोटं आहे ते!" मी ओरडलो. इतक्या जोरात की हलगीवाला थांबला. सगळी जत्रा माझ्याकडं वळली. पाठ केलेल्यातलं एकही वाक्य आठवेना. "चाचाची चूक नाही. फुलं भरपूर होती. अक्कल कमी पडली, आणि ती माझी. मी, गेणू कोंडाजी, बी.एस्सी., थर्ड क्लास."